कडेच्या घरांतलं पाणी

आमच्या लॅबच्या दारावरची पाटी लॅबच्या मानाने फारच मोठी होती. काळ्या ग्रॅनाइटवर सोनेरी अक्षरांत 'त्रिमितीय मानवी यकृत संशोधन केंद्र', त्याखाली उद्घाटकांचं नाव, त्याखाली त्यांच्या पदव्या आणि सगळ्यांत खाली, जागा उरली म्हणून असेल, 'शुभं भवतु'. दार उघडून आत गेलं की सात पावलांत केंद्र संपायचं. एक टेबल, निर्जंतुक हवेचं एक कपाट, एक सूक्ष्मदर्शक, कोपऱ्यात माझ्या खांद्याएवढा इन्क्युबेटर आणि मागे एक खिडकी. ती खिडकी मात्र पाटीला शोभेल अशी होती. तिच्यातून खाडी दिसायची, खाडीपलीकडे न्हावा शेवा बंदराच्या क्रेन दिसायच्या आणि अलीकडे, कंपनीच्या कुंपणाला लागून, उरलीसुरली चार मिठागरं.

ती लॅब आता नाही. कंपनीने तो विभाग दुसऱ्या राज्यात हलवला आणि त्या खोलीत जुन्या फायली ठेवल्या, असं ऐकते. पाटी अजून आहे म्हणे. ग्रॅनाइट काढायला माणूस लावावा लागतो, फायलींना काही त्याचा त्रास नाही.

मी तिथे काय करत होते हे माझ्या गावी, पालीच्या बाजूला, कुणालाही नीट सांगता आलं नाही. 'औषधाच्या कंपनीत आहे' एवढ्यावर लोक समाधानी असत आणि लगेच गुडघ्यावरचं औषध विचारत. खरं सांगायचं तर मी लिव्हरच्या पेशींचे गोळे करत होते. नवं औषध माणसाला देण्याआधी ते लिव्हरला झेपेल का हे पाहावं लागतं, कारण पोटात गेलेल्या बहुतेक गोळ्यांचा समाचार शेवटी लिव्हरच घेतं. त्यासाठी कुणा मृत माणसाच्या दान केलेल्या लिव्हरच्या पेशी गोठवलेल्या कुपीतून येत. पूर्वी त्या सपाट बशीत पसरून वाढवायचे. पण सपाट बशीत या पेशी दोन-तीन दिवसांत आपण लिव्हर आहोत हेच विसरतात. जिवंत असतात, पण काम सोडून देतात. बदली झालेल्या कारकुनासारखं असतं ते, हजेरी लागते पण फाईल हलत नाही. आणि काही औषधं अशी संथ असतात की त्यांचा त्रास दुसऱ्या आठवड्यात सुरू होतो. तोवर बशीतल्या पेशींत विचारण्यासारखं काही उरलेलंच नसतं.

म्हणून त्या गोल बुडाच्या, गुळगुळीत घरांत सोडायच्या. एका प्लेटमध्ये अशी शहाण्णव घरं, आठ आडव्या ओळी, बारा उभ्या रांगा, तुरीचा दाणा मावेल एवढं प्रत्येक घर. भिंतीला चिकटता येत नाही म्हणून पेशी बुडाशी जमतात आणि चार-पाच दिवसांत एकमेकींना धरून एक गोळा करतात. चहूबाजूंनी शेजार मिळाला की त्यांना आपलं काम आठवतं आणि पुढे काही आठवडे आठवत राहतं. या विषयावर मी परिषदांत बरीच भाषणं ऐकली. सगळ्यांत थोडक्यात आमच्या मावशींनी सांगितलं. मी त्यांना सूक्ष्मदर्शकातून पहिला गोळा दाखवला तेव्हा त्या म्हणाल्या, "एकटं मानूस कुटं काम करतंय बाय, चार जनी लागत्यात."

मावशी आमच्याकडे कंत्राटावर होत्या. काचसामान धुणं, कचरा निर्जंतुक करणं आणि इन्क्युबेटरच्या तळाशी असलेल्या स्टीलच्या ट्रेमध्ये रोज शुद्ध पाणी भरणं ही त्यांची कामं. त्या ट्रेमधल्या पाण्याच्या वाफेने आतली हवा दमट राहते, नाहीतर घरांतलं पाणी उडून जातं. त्यांचं आधीचं सगळं आयुष्य खिडकीतून दिसणाऱ्या मिठागरात गेलं होतं. नवऱ्याबरोबर चिखल तुडवून वाफे करायचे, खाडीचं पाणी घ्यायचं, आटवायचं, मीठ ओढायचं. मग बंदराचा रस्ता आला आणि ते आगर भरावाखाली गेलं. उन्हाने आणि पांढऱ्या मिठाच्या चकाकीने त्यांचे डोळे कायमचे बारीक झाले होते. लॅबमधल्या पहिल्या दिवशी त्यांनी एसीखाली उभं राहून विचारलं होतं, "हितं दिसभर सावली असते?" मी हो म्हटलं. "मंग पगार कशाचा देतात?"

दुपारी आम्ही बाहेरच्या जिन्यात बसून जेवायचो. माझ्या डब्यात पोळी-भाजी, त्यांच्या डब्यात तांदळाची भाकरी आणि सुकटीची चटणी. कंपनीचा नियम होता की लॅबच्या आवारात उग्र वासाचे पदार्थ आणू नयेत. शेजारच्या विभागातून येणाऱ्या रसायनांच्या वासाबद्दल मात्र नियम नव्हता. सुकटीचा वास आणि खाडीचा वास एकच असल्यामुळे आम्ही कधी पकडल्या गेलो नाही.

पेशी कुणाच्या, हा प्रश्न त्यांनी पहिल्या महिन्यातच विचारला.

"मेलेल्या मानसाच्या?"

"हो. बाहेरच्या देशातला होता. घरच्यांनी लिव्हर दान केलं."

"नाव काय त्याचं?"

"नाव सांगत नाहीत, मावशी. नंबर असतो."

"नंबराला जेवाया कसं बोलवायचं?"

मला वाटलं, विषय संपला. पण सर्वपित्रीला सकाळी त्या केळीच्या पानाच्या तुकड्यावर भात, वडा आणि चमचाभर खीर घेऊन आल्या आणि कंपनीच्या मागच्या भिंतीवर ठेवून आल्या. घरच्यांचं त्यांनी घरी घातलंच होतं, हे वेगळं. "त्याचं हितं कोन घालनार?" कावळा लगेच आला. आमच्या भिंतीवरचे कावळे चोखंदळ म्हणून प्रसिद्ध नव्हते, तरी मला उगाच बरं वाटलं. पुढे दर वर्षी त्या आधी विचारून ठेवायच्या, "औंदा कंचा नंबर?" आणि मी कुपीवरचा नंबर सांगायचे.

ज्या वर्षाची गोष्ट सांगते आहे त्या वर्षी आमच्याकडे सांधेदुखीवरची एक नवी गोळी तपासायला होती. सपाट बशीत ती पास झाली होती, उंदरांत पास झाली होती. आमचे गोळे तिला चौदा दिवस झेलतात का, एवढंच राहिलं होतं. त्यापुढची पायरी माणसं होती. निरोगी, सही करून आलेली, पण माणसं.

पेशी महाग, म्हणून साहेबांचा आग्रह होता की प्लेटमधलं एकही घर रिकामं ठेवायचं नाही. साहेब म्हणजे आमच्या केंद्राचे प्रमुख. गृहस्थ वाईट नव्हते. ते केंद्राला 'राष्ट्राची संपत्ती' म्हणत आणि सूक्ष्मदर्शकात डोकावताना चुकीचा डोळा मिटत, एवढंच. शहाणी पद्धत अशी की कडेची घरं प्रयोगात धरायची नाहीत, त्यांत नुसतं पाणी भरून ठेवायचं. मी ते एकदा बोलले, साहेब एकदा हसले आणि मी मान डोलावली. मग कडेच्या घरांत मी औषध न दिलेले गोळे ठेवले. त्यांच्याशी तुलना करूनच औषध दिलेल्यांची तब्येत ठरायची. आत, मधल्या रांगांत, औषध.

औषध सुरू होऊन चार दिवस झाले होते, आणि दसरा आला.

आपल्याकडे दसऱ्याला यंत्रांची पूजा होते, तशी आमच्याकडेही व्हायची. सूक्ष्मदर्शकाला हळदकुंकू, इन्क्युबेटरला झेंडूचं तोरण, अपकेंद्री यंत्रापुढे नारळ. परदेशी पाहुणे आले की त्यांना हे फार आवडायचं. मला पूजेबद्दल तक्रार नव्हती. माझ्या गावी नांगराची पूजा व्हायची, ती मी लहानपणी डोळे भरून पाहिली आहे. पण नांगरापुढे कुणी भाषण करत नसे. त्या वर्षी मुख्य कार्यालयातून बडे पाहुणे येणार होते आणि पूजेनंतर पेढे व आपट्याची पानं वाटायची होती. ऐन वेळी लक्षात आलं की पेढे ठेवायला ताट नाही. कॅन्टीनमधली ताटं प्लास्टिकची, कप्प्यांची. साहेब लॅबमध्ये आले, इकडेतिकडे पाहिलं आणि म्हणाले, "मॅडम, काहीतरी स्टीलचं, चकचकीत?"

इन्क्युबेटरचा ट्रे नुकताच घासून निर्जंतुक करून टेबलावर ठेवला होता, आत जायचा होता. चकचकीत म्हणजे आरशासारखा. मावशी त्यात पाणी ओतायला बाटली घेऊन उभ्या होत्या.

"हा घ्या," मी म्हटलं. "तासाभरात परत द्या."

मावशींनी माझ्याकडे पाहिलं. "बाय, मंग पानी?"

"तासाभराने."

पाहुणे उशिरा आले, भाषणं लांबली. मला गावी जायचं होतं. हळव्या, लवकर पिकणाऱ्या भाताची कापणी सुरू झाली होती, भावाने दोनदा फोन केला होता. दुपारी कंपनीची बस सुटली तिच्यात मी बसले, मावशीही बसल्या. तो गुरुवार होता. शुक्रवारची सुट्टी पाहुण्यांच्या आनंदात साहेबांनी जाहीर करून टाकली, पुढे शनिवार-रविवार. एरवी मी रविवारी येऊन गोळ्यांना ताजं द्रव घालून जायचे, त्या वेळी शेतात होते. अंगाला भाताची कुसं टोचत होती आणि मी गेल्या कित्येक महिन्यांत नव्हते इतकी सुखात होते. ट्रेची आठवण मला एकदाही झाली नाही. आजही त्या चार दिवसांचा विचार करते तेव्हा आधी ते सुख आठवतं आणि मग ट्रे. हा क्रम मला बदलता आलेला नाही.

सोमवारी मावशी माझ्याआधी पोचल्या. ट्रे साहेबांच्या केबिनमध्ये होता. त्यात वाळलेली आपट्याची पानं, एक पेढा आणि त्या पेढ्याभोवती मुंग्या. मावशींनी तो घासला, निर्जंतुक केला, पाणी भरून जागेवर ठेवला. त्यांना वाटलं मला ठाऊक आहे. मी आले तेव्हा ट्रे जागेवर होता, मला वाटलं तो गुरुवारपासूनच आहे. त्या यंत्राला उष्णता मोजता यायची, आतला वायू मोजता यायचा. ओलावा मोजता यायचा नाही, त्यामुळे त्यानेही काही तक्रार केली नाही. मी नेहमीप्रमाणे प्रत्येक घरातलं ठरलेलं द्रव काढलं आणि तेवढंच ताजं घातलं. घरात मुळात किती उरलंय हे पाहण्याची रीत नव्हती.

चौदा दिवस भरल्यावर मोजणी झाली. गोळे फोडायचे, त्यांत एक द्रव घालायचं, जितका जीव शिल्लक तितका उजेड पडतो. औषध दिलेल्या गोळ्यांचा उजेड औषध न दिलेल्यांइतकाच पडला. म्हणजे गोळीने काही केलं नाही, निर्धोक. न दिलेल्यांचा उजेडही कमीच होता, पण किमान इतका हवा अशी एक रेघ असते आणि आमचे गोळे त्या रेघेच्या बोटभर वर होते. पस्तीस मार्कांनी पास झालेल्या मुलाला कुणी विचारत नाही की बाबा, तुझी तब्येत बरी होती का. मी रिपोर्ट लिहिला, सही केली. साहेबांनी बातमी वर कळवली आणि पुन्हा पेढे मागवले.

प्लेटची एक जोडीदार प्लेट होती, तशीच भरलेली, फोटोंसाठी ठेवलेली. ती आता टाकायची होती. मावशी ती टाकायला घेऊन गेल्या आणि पाच मिनिटांत परत आल्या.

"बाय, हे फेकायच्या आदी एकडाव बगता?"

त्यांनी प्लेट खिडकीकडे धरली, डोळे आणखी बारीक केले, प्लेट जराशी कलती केली. मीठ धरलं का हे पाहायला त्या वाफ्याकडे असंच बघत असणार.

"मधल्या घरांत पानी हाय तितकं हाय. कडेला बगा, खाली बसलंय. बांधाकडचं पानी आदी आटतं. वारा तितंच लागतो, मीठ बी पैलं तितंच धरतं."

"किती दिवसांत एवढं आटेल, मावशी?"

"ट्रे नव्हता न ते चार दिस? तेवडं पुरं हाय."

"ट्रे नव्हता?"

आता त्या माझ्याकडे बघायला लागल्या. पेढे, मुंग्या, सगळं त्यांनी सांगितलं. मी पिपेटने कडेच्या दहा घरांतलं आणि मधल्या दहा घरांतलं पाणी काढून मोजलं. कडेला जवळजवळ एक तृतीयांश कमी होतं. औषध न दिलेले माझे गोळे खारट पाण्यात अर्धमेले झाले होते आणि आत औषध खाल्लेलेही तितकेच अर्धमेले होते. दोन आजारी माणसं शेजारी उभी करून मी दोघांनाही निरोगी म्हटलं होतं.

मग मी रजिस्टर उघडलं. 'ट्रेमधील पाणी तपासले', तारखेपुढे एकेक घर. दसऱ्यापासूनच्या चारही दिवसांच्या घरांत मावशींची बरोबरची खूण होती.

"हे काय?"

"सोमवारी त्या गुनवत्तावाल्या दादांनी सांगितलं. रिकामं घर आडिटला चालत न्हाय, भरून टाका. मी भरलं. मना वाटलं पानी न्हाय तर न्हाय, घर तरी भरलेलं दिसंल."

तोवर त्यांना बहुधा अंदाज आला नव्हता. माझा चेहरा पाहून आला. प्लेट त्यांनीच परत आणली होती. गुपचूप टाकली असती तर त्या खुणांकडे कुणी ढुंकूनही पाहिलं नसतं.

"बाय, माझं नाव जानार का?"

मी म्हटलं, "बघू या."

त्या म्हणाल्या, "मना पुन्ना उनात न्हाय जायाचं."

त्यांनी ते रडून वगैरे सांगितलं नाही. बस कितीला आहे हे विचारावं तसं सांगितलं आणि काचसामान धुवायला गेल्या. इथलं काम सुटलं तर बाकी काय होतं ते आम्हा दोघींनाही ठाऊक होतं. किनाऱ्यावर सुकट वाळत घालायची, नाहीतर कंटेनरच्या यार्डात गोण्या शिवायच्या, उघड्यावर.

मी शूर वगैरे नाही हे इथे लिहून टाकायला हवं. त्या संध्याकाळी बसमध्ये मी बरेच हिशेब मांडले. रेघेच्या वर होतो. सही झाली होती. जोडीदार प्लेट कचऱ्यात गेली की पुरावा संपला. दुसरा मार्ग असा की चूक कळवायची, पण सरकारी भाषेत कळवायची. 'ट्रे अनवधानाने अनुपस्थित राहिला.' आपल्या भाषेत ही मोठी सोय आहे. ट्रे स्वतःहून अनुपस्थित राहू शकतो, पाणी स्वतःहून न भरलेलं राहू शकतं आणि कर्त्याला घरी जाऊन जेवता येतं. पनवेल येईपर्यंत मी असं एक सुरेख वाक्य तयारही केलं होतं. पण त्या वाक्याखाली 'कोणामुळे' असा रकाना असतो हे मला ठाऊक होतं, आणि मी कुणाचं नाव घातलं नाही तर रजिस्टर आपोआप एक नाव पुढे करणार होतं.

सकाळी मी साहेबांकडे गेले. पेढ्यांचा खोका टेबलावर होता, या वेळी खोक्यातच.

"प्रयोग पुन्हा करावा लागेल," मी म्हटलं आणि कारण सांगितलं.

साहेबांनी चष्मा काढला, पुसला. "मॅडम, मी वर कळवलंय."

"माहीत आहे."

"मग आता वर काय सांगू? पाणी आटलं म्हणून?"

"तेच झालंय."

ते खिडकीकडे वळले. त्यांच्या खिडकीतून फक्त पार्किंग दिसायचं. मग म्हणाले, "ठीक. फॉर्म भरा. पाणी तपासल्याच्या खुणा मावशींच्या आहेत ना? तपासलं नाही आणि खूण केली. सरळ आहे. कंत्राटावर आहेत, कंत्राटदार दुसरीकडे लावेल."

"ट्रे मी दिला होता, सर."

"कुणाला?"

"तुमच्या पेढ्यांना."

साहेबांनी खोक्याकडे असं पाहिलं की जणू तो साक्ष द्यायला आला आहे. "ते कशाला लिहायचं? पाहुण्यांनी खाल्लेत ते पेढे."

"पाहुण्यांबद्दल नाही लिहीत."

फॉर्मवर 'कोणामुळे' या रकान्याला तीन इंच जागा होती. छापणाऱ्याच्या मनात एकच नाव असावं. मी बारीक अक्षरांत लिहिलं की ट्रे मी दिला, तो परत आला का हे मी पाहिलं नाही, रविवारी यायचं ते मी आले नाही, कडेची घरं वापरू नयेत हे ठाऊक असून वापरली, आणि मावशींनी त्या चार दिवसांच्या खुणा सोमवारी, वरून सांगितल्यावर केल्या. गुणवत्ता विभागाचे ते अधिकारी, मावशींचे 'दादा', शेवटचं वाक्य काढा म्हणून दोनदा आले. दुसऱ्या वेळी साहेबांनी मावशींनाच बोलावलं.

"मावशी, खुणा करायला तुम्हाला कोणी सांगितलं?"

मावशींनी पदर सारखा केला आणि बोट दाखवलं. "ह्या दादांनी. उगा कशाला खोटं बोलू, त्यांनी पेन पन दिला व्हता."

दादांनी पंख्याकडे पाहिलं. पंखा बंद होता. वाक्य राहिलं.

मला लेखी ताकीद मिळाली. त्या वर्षी एका परदेशी परिषदेला मी जाणार होते, तिथे दुसऱ्या कुणी जाऊन आलं आणि येताना माझ्यासाठी चॉकलेट आणलं. मावशींच्या कंत्राटदाराला पत्र गेलं नाही. साहेबांनी ते मुद्दाम थांबवलं की पेढ्यांचा उल्लेख आणखी कुठे जाऊ नये म्हणून थांबवलं, मला कधी कळलं नाही. मी विचारलंही नाही. चांगल्या गोष्टीची कारणं फार खणू नयेत.

प्रयोग पुन्हा केला. नवी कुपी, नवा नंबर. कडेच्या सगळ्या घरांत नुसतं पाणी भरलं, मावशींच्या देखरेखीखाली. पहिला आठवडा सगळे गोळे गोल, घट्ट. दुसऱ्या आठवड्यात औषधाच्या जास्त मात्रेच्या घरांत गोळ्यांच्या कडा सैल पडायला लागल्या, ओल्या हाताने वळलेला लाडू फुटतो तशा. मग त्याखालच्या मात्रेतही. औषध न दिलेले गोळे शेवटच्या दिवसापर्यंत जसेच्या तसे होते. मावशींनी सूक्ष्मदर्शकातून दोन्ही पाहिले. "हे त्या गोलीनं?" "हो." "बरं झालं," त्या म्हणाल्या, आणि कुणाचं बरं झालं ते सांगितलं नाही.

ती गोळी तिथेच थांबली. थांबलेल्या औषधाचा समारंभ नसतो. ज्यांच्या लिव्हरला काही झालं नाही त्यांना ते होणार होतं हेच ठाऊक नसतं, त्यामुळे आभार मानायला कुणी येत नाही आणि उद्घाटकही लागत नाही. आमच्या केंद्राचं पाटीवर लिहिण्याजोगं एकमेव काम पाटीवर कधी आलं नाही.

इन्क्युबेटरवर मात्र एक नवा छापील कागद चिकटला. 'ट्रेचा उपयोग अन्य कारणांसाठी करू नये.' अन्य कारणं कोणती ते लिहिलं नव्हतं, नव्याने आलेले लोक विचारायचे.

पुढच्या दसऱ्याला साहेबांचा शिपाई सकाळीच लॅबच्या दारात उभा राहिला. "मावशी, साहेब म्हणतात, पेढ्यांना काही..."

"हाय," मावशी म्हणाल्या. त्यांनी पिशवीतून घरची परात काढली. जुनी, जाड, एका बाजूला चेपलेली. "ही न्या. आनि सांगा, परत पायजे. मी बसपातूर हितंच उबी हाय."

परात अर्ध्या तासात परत आली. त्या दिवशी बस सुटेपर्यंत त्या खरोखरच लॅबच्या दारात, ग्रॅनाइटच्या पाटीखाली उभ्या होत्या. त्यांच्यामुळे दोन पाहुण्यांना आत शिरता आलं नाही.

मावशी त्यानंतर आणखी काही वर्षं होत्या. गुडघे थकले तेव्हा आपणहून थांबल्या. परवा त्यांच्या गावी गेले होते. ओटीवर सावलीत बसून तांदूळ निवडत होत्या. मला पाहून पहिला प्रश्न, "सर्वपित्रीला घातलंस का गं?" मी म्हटलं, लॅबच नाही आता, नंबरही नाहीत. "जुने हायेत न," त्या म्हणाल्या. त्यांना तीन पाठ होते. मला एकही नाही.

ते रजिस्टर त्या खोलीतल्या फायलींत कुठेतरी असेल. त्या दसऱ्यानंतरच्या पानांवर अधूनमधून रिकामी घरं आहेत. एकदा ऑडिटला आलेल्या बाईंनी त्यांतल्या एका घरावर बोट ठेवून विचारलं, इथे खूण का नाही? दादा पेन शोधायला लागले. मावशी बेसिनपाशी होत्या, हात ओले होते.

"त्या दिशी मी आले नव्हते," त्या म्हणाल्या. "पानी ह्या बायनी भरलं. तिला इचारा."

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी हो म्हटलं. त्यांनी ते घर तसंच ठेवलं आणि पान उलटलं.